लांजेवार काका आणि स्थितीचे कागद

लांजेवार काकांचं नाव आधी लिहिते, काय झालं ते मागून सांगते. कारण हा मजकूर मी माझ्या हाताने लिहिते आहे, तो कुणाला दाखवायची हिंमत करते आहे, ते या एका माणसामुळे. माझं शिक्षण कमी. माहेर पुसदकडच्या एका खेड्यात. नवऱ्याला भिलाईत ठेकेदाराकडे काम लागलं म्हणून आम्ही इकडे आलो, भिलाईजवळच्या मरोदा वस्तीत एक खोली घेतली, आणि पहिलं वर्षभर मी बाजारात जातानासुद्धा मनात हिंदी वाक्यं जुळवून मगच तोंड उघडायची. माझ्यासारख्या बाईला कुणी टेबलावर समोर बसवून, कागद पुढे करून, 'तुले काय वाटते, सांग' असं विचारेल, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

त्या दिवसाला आता सहा आठवडे झाले. सकाळचे अकरा वाजले असतील. ज्या झेरॉक्सच्या दुकानात मी टायपिंग करते तिथे काकांच्याच हस्ताक्षरातलं एक पान टाईप करत होते. ओळ अर्धी झाली होती. काकूंचा फोन आला. आवाज अगदी नेहमीचा होता, त्यामुळे मला आधी कळलंच नाही. "वंदना, तुझे काका गेले वं. चहा घेतला, पेपर वाचून राहिले होते... मी पोळ्या करून आली तर तसेच बसलेले. तू ये." मी फोन ठेवला, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं, आता हे काम माझ्याकडे राहायचं नाही. त्याची लाज मला अजून वाटते. पण ते खोटं कसं म्हणू? नवऱ्याचा ठेका उन्हाळ्यात संपला होता, तो गावाकडे परतायच्या गोष्टी करत होता, आणि आम्ही इथे टिकायचं तर ते काकांच्या कामावरच, हे घरात दोघांनाही ठाऊक होतं.

काम काय होतं ते सांगायला हवं. काका एका खासगी कारखान्यात मीटर आणि कंट्रोल पॅनेलच्या विभागात होते. निवृत्त होऊन स्मृति नगरात राहत होते. नागपूरची एक छोटी कंपनी त्यांना जुन्या ओळखीने लिहिण्याचं काम देत असे. ही कंपनी एक असा प्रोग्रॅम बनवते जो दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासतो, तेही ते न चालवता, नुसते वाचून. इंग्रजीत त्याला स्टॅटिक कोड अ‍ॅनालायझर म्हणतात. काका त्याला 'तपासनीस' म्हणायचे. कारखान्यांतली पॅनेलं, पंप, माल वाहणारे पट्टे चालवणारे प्रोग्रॅम आयटीआय झालेली मुलंमुली लिहितात, तपासनीस त्यांत चुका दाखवतो, आणि मुलांना कळत नाही की तो हे कशावरून म्हणतो. म्हणून तपासनिसाच्या डोक्यात वाचताना काय चालतं, याची मराठीत पुस्तिका काढायची होती, मागून हिंदीत. त्यातलं सगळ्यात अवघड प्रकरण 'स्थिती'चं. म्हणजे प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीवर, कोणत्या गोष्टीत काय आहे याबद्दल तपासनिसाला काय काय माहीत आहे, याची नोंद तो कशी ठेवतो.

ते पहिल्यांदा दुकानात आले ते रेघांच्या कागदांचा गठ्ठा घेऊन. मी दोन पानं टाईप केली आणि तिसऱ्यावर थांबले. थांबायचं कारण असं की एक वाक्य मला कळलंच नव्हतं, आणि जे कळत नाही त्यात माझ्या बोटांच्या चुका फार होतात. त्यांनी विचारलं, "कावून थांबली?" मी घाबरत म्हटलं, "हे वाक्य समजलं नाही काका." मला वाटलं आता म्हणतील, तुला समजून काय करायचं, टाईप कर. त्यांनी कागद परत घेतला, चष्मा वर केला, स्वतः दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. मलेबी नाही समजून राहिलं. काल लिहिलं तेव्हा समजलं होतं." मग विचारलं, किती शिकली? मी म्हटलं, दहावी. हे खोटं होतं. नववीची परीक्षा झाली आणि मला घरी बसवलं होतं. पण दुकानात दिवसभर लोकांचे फॉर्म भरताना एक गोष्ट हाताला लागली होती, की रकाना रिकामा राहिला तर फॉर्म पुढे जात नाही. काहीतरी भरावंच लागतं.

त्यानंतर दुपारी दोन ते चार मी त्यांच्या घरी जाऊ लागले, त्याचे पैसे ते मला वेगळे द्यायचे. कूलरसमोर जेवणाचं टेबल, त्यावर काका, मी आणि कागद. त्यांची कामाची रीत अशी की लिहायच्या आधी तपासनीस व्हायचं. ते एक छोटा प्रोग्रॅम मराठीत लिहायचे. टाकीतलं पाणी इतकं, चालू पंप इतके, पाण्याला पंपांनी भागा, म्हणजे एका पंपाच्या वाट्याला किती ते कळेल. मग मी एकेक ओळ वाचायची आणि प्रत्येक ओळीला एक कागद घ्यायचा. त्यावर दोन गोष्टी, काय माहीत आहे आणि काय धरून चाललो आहोत. पुढच्या ओळीवर काही बदललं तर जुन्या कागदावर खाडाखोड करायची नाही, नवा कागद घ्यायचा. मला हे फार जड गेलं. टायपिंगवालीला चूक दिसली की पुसायची सवय. मी खोडायला गेले की ते माझ्या पेनावर बोट ठेवायचे. "तो कागद त्या ओळीचा आहे. त्या ओळीवर तेवढंच माहीत होतं, ते खोटं नाही. तपासनिसाले चूक सापडली की तो उलटा चालत येतो, कागदावर कागद पाहत. तू मधला खोडला तर तो येईल कुठून?"

मग 'जर' आलं की गंमत. जर पंप शून्य असतील तर हे करा, नाहीतर ते करा. तपासनीस प्रोग्रॅम चालवत नाही, त्यामुळे पंप किती आहेत हे त्याला कसं ठाऊक असणार? तो दोन्ही वाटांनी जातो. एका कागदावर लिहितो, 'पंप शून्य आहेत असं धरून', दुसऱ्यावर, 'शून्य नाहीत असं धरून'. पुढे अजून एक 'जर' आला की दोनाचे चार. एका दुपारी आमचे कागद टेबलावर मावेनात, दिवाणावर गेले, शिलाई मशीनवर गेले, कूलरच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर काकूंच्या डाळींचे डबे ठेवले. काकू चिल्याची, म्हणजे इकडच्या तांदळाच्या धिरड्यांची, ताटं घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. "अवो, आता आमी जेवाचं कुठं ते एका कागदावर लिहून द्या." काका म्हणाले, "दोन कागद दिसतात तिकडे सारखेच आहेत. दोन वाटांनी येऊन स्थिती तीच झाली तर दोन ठेवाचं काम नाही, एक उचला." काकूंनी एक उचलला, दोन्ही वाचले, आणि म्हणाल्या, "सारखे नाहीत. ह्याच्यात वंदनानं पंप चालू लिहिले." त्यांचं खरं होतं. काका इतके हसले की त्यांच्या कानातलं मशीन शिट्टी वाजवायला लागलं. त्या दिवशी आम्ही तिघं जमिनीवर बसून जेवलो.

मला वाटतं त्या दोन तासांत मी भिलाईत होते असं नव्हतंच. घरची काळजी, नवऱ्याचा ठेका, खोलीचा मालक, सगळं दाराबाहेर चपलांसोबत. काका मला शिकवत होते असंही मला तेव्हा वाटलं नाही. त्यांना खरोखर माझं न समजणं हवं होतं. "तुले समजलं की त्या पोरापोरींले समजन," असं म्हणायचे, आणि माझ्या चेहऱ्याकडे असे बघायचे जसे ते मीटरच्या काट्याकडे बघत आले असतील.

आता माझ्या चुकीचं सांगते, ती सांगितल्याशिवाय काका सांगून होणार नाहीत. पंपांच्या उदाहरणात मध्येच एक ओळ होती, 'पंप तपासा'. हा तुकडा दुसऱ्याच कुणी लिहिलेला, त्याच्या आत काय आहे ते तपासनिसाला दिसत नाही. तर तो तुकडा चालून परत आल्यावर, पंपांबद्दल आधी जे माहीत होतं त्याचं काय करायचं? काकांनी त्या जागी कोरी जागा सोडली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'नागपूरला विचारून लिहितो'. पुस्तिकेचा तो भाग पाठवायचा दिवस आला तेव्हा काका दवाखान्यात रक्त तपासायला गेले होते. मी पानं जुळवत होते. ती कोरी जागा मला दातात काही अडकल्यासारखी टोचायला लागली. मी ती भरली. लिहिलं, 'आतला मजकूर दिसत नसेल तर स्थिती पूर्वीसारखीच राहते'. मला ते अगदी साधं वाटलं. पाहिलं नाही म्हणजे काही झालं नाही. फॉर्मच्या दुकानात माहीत नसलेल्या रकान्यात 'निरंक' टाकतात तसंच. आणि पाठवून दिलं.

महिनाभराने नागपूरच्या साहेबांचा फोन काकांना आला. स्पीकर लावलेला होता, मी समोर बसले होते. एका शिकाऊ मुलीने प्रोग्रॅम लिहिला, त्यात मध्ये असाच आतलं न दिसणारा तुकडा होता, आणि त्याच्या पुढे तपासनिसाने सांगितलं की इथे पंप शून्य असू शकतात, भागाकार अडकेल. तिने आमची पुस्तिका उघडली, माझी ओळ वाचली, आणि म्हणाली, वर तर शून्य नाहीत असं पाहिलंय, पुस्तिकेत लिहिलंय की स्थिती पूर्वीसारखीच राहते, म्हणजे तपासनीसच चुकतोय. तिने ती सूचना बंद केली. चाचणीच्या टेबलावर प्रोग्रॅम अडकला. नुकसान काही झालं नाही, टेबलावरच कळलं. पण त्या मुलीला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. काका फोनवर फक्त एवढंच म्हणाले, "ओळ चुकीची आहे. पुस्तिकेवर नाव माझं आहे, माझ्या हातून गेली. त्या पोरीले सांगा, चूक तिची नाही." फोन ठेवला. मी पदर धरून उभी राहिले, मला वाटलं आता जायचं.

ते रागावले नाहीत. काकूंकडे वळून म्हणाले, "तुमचा साखरेचा डबा भरलेला आहे का?" काकू म्हणाल्या, सकाळीच भरला. "मग तुम्ही आंघोळीले गेल्या. मागं शेजारीण स्वयंपाकघरात येऊन गेली. तिनं काय केलं ते तुम्ही पाहिलं नाही. आता डब्यात काय आहे?" काकू जरा दुखावल्या. "ती न विचारता काही नेत नाही हो." "नेलं असं मी म्हणून राहिलो का? डब्यात काय आहे, एवढंच सांगा." काकू स्वयंपाकघराकडे वळून म्हणाल्या, "पाहा लागन." काका माझ्याकडे वळले. "हेच लिहाचं होतं. त्या तुकड्याच्या हाती जे जे लागू शकते, ते सगळं तपासनीस विसरून जाते. ते बिघडलं म्हणून नाही. आता माहीत नाही म्हणून." मग त्यांनी त्यांच्या तरुणपणची गोष्ट सांगितली. पाळी बदलताना एका व्हॉल्व्हसमोर त्यांनी रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहिलं, न बघता, आधीच्या पाळीने लिहिलं होतं म्हणून. त्यांच्या पुढच्यानेही तसंच उतरवून घेतलं. तिसऱ्या पाळीत एका फिटरचा हात भाजला. "त्याचा हात बरा झाला," ते म्हणाले. "पण माझं अक्षर त्या पानावर आहे, ते मी कोरं कसं करू..."

मी त्याच दिवशी सांगून टाकलं. म्हटलं, काका, मी दहावी नाही, नववी आहे. काका कागद जुळवत होते, मान वर न करता म्हणाले, "मी तुझ्या नावापुढं काही लिहिलंच नव्हतं. शिक्षणाचा रकाना कोरा ठेवला होता. तू दहावी म्हटली तेव्हा तुझा आवाज फॉर्म भरल्यासारखा आला." काकू आतून म्हणाल्या, "मले तर बारावी वाटली होती वं." त्या दोघांच्या घरात मला कधी कमीपणा वाटू दिला गेला नाही, याचं मोल मी कशात करू.

चुकीची ओळ बदलून नवी छापली गेली. ती काकांनी माझ्याकडून सात वेळा लिहून घेतली. सातव्यांदा वाचून त्यांनी मान हलवली आणि खाली आद्याक्षरं टाकायला पेन माझ्याकडे दिलं. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "चूक तुझी होती तेव्हा नाव माझं चाललं. आता बरोबर आहे तर तुझं चालू दे." इतकं सरळ आणि इतकं उलटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काका गेल्यावर आठव्या दिवशी नागपूरच्या साहेबांचा मला फोन आला. आधी सांत्वनाचं बोलले. मग म्हणाले, पुस्तिकेचं राहिलेलं काम कुणाकडे द्यायचं ते ठरवायचं आहे, त्यांच्याकडे इंजिनिअर झालेली दोन मुलं आहेत. तुम्ही करू शकाल का? एक फॉर्म पाठवतो, तो भरा. फॉर्म आला. नाव, पत्ता, आणि तिसरा रकाना शिक्षणाचा. नवरा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "बारावी टाक, कोण पाहून राहिलं." तो वाईट माणूस नाही. आम्हाला दोघांनाही इथे राहायचं होतं. मी बराच वेळ तो रकाना बघत बसले... आणि नववी लिहिलं. नवरा उठून पाणी प्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. पाठवायची पानं त्यांच्याकडे होती. काकूंनी टेबलाचा खण उघडून एक निळी फाईल माझ्या हातात दिली, ती मी आधी कधी पाहिली नव्हती. "गेल्या महिन्यात ह्यात लिहून राहिले होते. तू घरी गेली की काढत," म्हणाल्या. त्यात लूपचं प्रकरण होतं. लूप म्हणजे प्रोग्रॅम एकच काम पुन्हा पुन्हा करतो ते. दहा वेळा, हजार वेळा, कधी किती वेळा ते कुणालाच ठाऊक नाही. तपासनीस प्रत्येक फेरीला नवा कागद घ्यायला लागला तर जन्म पुरणार नाही, म्हणून तो कुठेतरी थांबतो. काकांनी तेवढं लिहिलं होतं. पुढे चार पानांवर फेऱ्या मांडून बघितल्या होत्या, एक, दोन, तीन, मग त्याही अर्ध्यावर सोडलेल्या. शेवटच्या पानावर त्यांच्या त्या सरळ अक्षरात इतकंच होतं. 'थांबताना तपासनीस स्थितीतलं काय हाती ठेवतो आणि काय सोडून देतो, हे मला नीट समजलेलं नाही. वंदनाला विचारणे.'

मी ते काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग? विचारलं का त्यांनी?" मी म्हटलं, नाही. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि आत चहा ठेवायला गेल्या.

साहेबांना मी फोनवर सगळं सांगितलं. नववी खरं आहे, लूपचं प्रकरण काकांनाही आलेलं नव्हतं, मलाही अजून येत नाही, पण मला ते समजून घ्यायचं आहे. मग ते म्हणाले, "ह्या एका प्रकरणापुरतं तुम्ही करा. पुढचं ते पाहून ठरवू." म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. पुढच्या महिन्यात आम्ही मरोद्यात असू की पुसदच्या गाडीत, हे मला आज सांगता येत नाही. रोज दुपारी दोन वाजता मी काकूंकडे जाते. चौथ्या फेरीपर्यंत माझे कागद नीट येतात, पुढे काहीतरी सुटतं, आणि काय सुटतं ते मला दिसत नाही.

काका, तुम्ही मला जे दिलंत ते परत करायला माझ्याजवळ दुसरं काही नाही, आणि असतं तरी तुम्ही घेतलं नसतं. पण तुम्ही मला एक गोष्ट विचारून ठेवली आहे. आयुष्यात मला इतक्या विश्वासाने कुणी काही विचारलेलं नाही. तिचं उत्तर मी देईन. या महिन्यात नाही जमलं, काम हातचं गेलं, आम्ही गावाला परतलो, तरी तिथे बसून देईन. उगीच भरलेलं नाही, समजून लिहिलेलं. आधी काकूंना वाचून दाखवीन, त्यांनी मान हलवली की मगच तुमच्या निळ्या फाईलमध्ये, तुमच्या त्या ओळीच्या खाली लावीन.